सतरा वर्षांचा मालक

केशवराव भोसले नाटक कंपनीचे मालक झाले, तेव्हा त्यांचे वय होते सतरा. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत 'ललितकलादर्श' उभी राहिली आणि तिचा मालकच तिची नायिका होता. दिवसा कंपनीचा हिशेब, रात्री लुगडे नेसून, नथ घालून रंगमंचावर. मायक्रोफोन अजून यायचा होता, त्यामुळे शेवटच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाईल असा चढा सूर लावावा लागे. केशवरावांचा तो लागत असे.

दहा वर्षांनी हेच पुन्हा घडले. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे यांना घेऊन त्यांनी 'बळवंत संगीत मंडळी' काढली. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, म्हणजे तेही सतराचेच. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्याच वयाच्या आसपास होते.

आज संगीत नाटक म्हटले की पिकलेल्या केसांचे प्रेक्षक, धूळ बसलेली पायपेटी आणि 'आमच्या वेळी' असे सुरू होणारे बोलणे डोळ्यांपुढे येते. कॉलेजातल्या पोरांना एकांकिका हवी, फार तर पथनाट्य. संगीत नाटक म्हणजे आजोबांचा विषय. पण हा प्रकार वाढवला तो ज्यांना आज मतदानही करता आले नसते अशा मुलांनी. तरुणांच्या एखाद्या नाट्यसंस्थेने 'शारदा' किंवा 'सौभद्र' बसवायला घेतले, तर तिला परक्या घरात शिरल्यासारखे वाटायचे कारण नाही. ते घर मुळात त्याच वयाचे आहे.

हे अकोल्यात, त्यातही जुन्या शहरात, सांगायला विशेष कारण आहे. मोर्णेच्या काठी असदगडाच्या सावलीत वसलेली ही वस्ती. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथली मंडळे गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने, रात्रभर पायी चालत, राजराजेश्वराला आणतात. शेकडो पोरे ताल धरून चालतात. कुणी थकला तर दुसरा खांदा देतो. आणि महिनाभर आधीपासून वर्गणी, सजावट, वाद्ये यांची जुळवाजुळव होते. नाटक बसवायला याहून वेगळे काही लागत नाही. गायकी तेवढी शिकावी लागते.

शिवाय मराठी संगीत नाटकाचा आवाज ज्या माणसाने बदलला, त्याचे शालेय शिक्षण अकोल्याचे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ मध्ये नागपुरात जन्मले, अकोल्यात शिकले, वकिलीची सुरुवातही त्यांनी इथेच केली. पुढे जळगाव जामोद आणि खामगावला गेले. 'सुदाम्याचे पोहे'मुळे विनोदकार म्हणून ते ध्यानात राहिले आहेत, पण १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने त्यांचे 'वीरतनय' रंगमंचावर आणले तेव्हा प्रेक्षकांचे कान टवकारले ते चालींमुळे. तोपर्यंत संगीत नाटकात कीर्तनातल्या साक्या, दिंड्या आणि कर्नाटकी वळणाची पदे असत. कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या ठसकेबाज, नाचऱ्या चाली उचलल्या. जाणत्यांनी नाके मुरडली. तरुण प्रेक्षक मात्र त्या चाली गुणगुणत घरी गेले.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्यांत राम गणेश गडकरी होते. किर्लोस्कर मंडळीत गडकऱ्यांचे काम काय होते, तर कंपनीतल्या पोरांना शिकवण्याचे. हा तपशील सहसा कुणी सांगत नाही, पण कंपनीची सगळी रचना त्यातून कळते. नाटक कंपनी म्हणजे फिरते वसतिगृह होते. गोड गळ्याचा मुलगा दिसला की मालक त्याला उचलत. जेवण, कपडे आणि तालीम कंपनीची. मुलगा आधी नांदीच्या घोळक्यात उभा राही, मग एखादी सखी, मग नायिका. आवाज फुटला की नायिकेची लुगडी दुसऱ्याच्या वाट्याला. एखाद्याचा गळा फुटूनही टिकला तर त्याचे नशीब.

त्या व्यवस्थेचे गोडवे फार गायले जातात. ती निष्ठुरही होती. शाळा सुटलेली, घर दूर, पगार मालकाच्या मर्जीवर. चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' आणि गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' ही आत्मचरित्रे वाचली की टाळ्यांच्या मागचे कर्ज, रुसवेफुगवे आणि फाटाफूट दिसते. 'बळवंत' निघाली तीही एका फुटीतूनच. तालमीत जे मिळे ते मात्र आजच्या कुठल्याही तीन महिन्यांच्या कार्यशाळेत मिळत नाही. वाक्य आणि सूर वेगळे नसतात, बोलता बोलता गाण्यात शिरायचे आणि गाता गाता बोलण्यावर यायचे, हे पोर दहाव्या-अकराव्या वर्षापासून रोज करत असे. लता मंगेशकर यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे: 'सौभद्र'च्या एका प्रयोगाला नारदाचे काम करणारा नट आलाच नाही, तेव्हा छोट्या लताने नारद उभा केला. तिला कुणी मुद्दाम शिकवले नव्हते. घरात तालमी चालत आणि ती ऐकत असे.

वऱ्हाड आणि या पोरवयीन कंपन्या यांची गाठ आणखी एका माणसाने बांधली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) स्वातंत्र्यचळवळीतले पुढारी, 'स्वतंत्र हिंदुस्थान'चे संपादक; तुरुंगवास त्यांना नवा नव्हता. त्यांनी दोन गाजलेली संगीत नाटके लिहिली आणि दोन्ही तरुणांच्या हाती दिली. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' ललितकलादर्शने केले आणि त्यातली मृणालिनी केशवरावांनी गाजवली. 'रणदुंदुभी' १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने आणले. त्यात दीनानाथ तेजस्विनी झाले. संगीत रामकृष्णबुवा वझे यांचे. राजद्रोहाचे कलम डोक्यावर टांगलेले असताना लेखक पारतंत्र्याविषयी उघड बोलू शकत नव्हता. म्हणून काल्पनिक राज्य, काल्पनिक राजा आणि पदांत मात्र खरा राग. भाषण करणाऱ्याला पोलीस पकडतील, पण गाणे गाऊन घरी जाणाऱ्या प्रेक्षकाला काय करणार?

कंपन्या वऱ्हाडात का येत, हे सांगायला अर्थशास्त्री नको. १८६७ मध्ये रेल्वे भुसावळहून अकोला-बडनेरामार्गे नागपूरला पोचली आणि कापसाचा पैसा या रुळांवर खेळू लागला. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणत ते उगाच नव्हे. पडदे, पेट्या आणि माणसे रेल्वेने आणायची आणि कापूस विकला गेल्यावर लोकांच्या खिशात पैसा असतो त्या दिवसांत मुक्काम करायचा, हा हिशेब कुठल्याही मालकाला कळत असे. १९१२ मध्ये हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यात साहित्य संमेलन भरले, ते याच भरभराटीच्या काळात.

सतराव्या वर्षी मालक झालेले केशवराव मात्र फार जगले नाहीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वराने ते गेले. वय एकतीस. कोल्हापूरच्या ज्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी.

आता आजच्या पोरांकडे. अठरा ते पंचवीस वयाच्या वीस-बावीस जणांनी, समजा जुन्या शहरातल्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, शंभर वर्षांपूर्वीचे संगीत नाटक बसवायचे ठरवले, तर खरोखर काय करावे लागते?

पहिला प्रश्न नाटकाचा. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) या नाटकांच्या मोहात पडू नये. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी त्यांना ठुमरीच्या, खयालाच्या अंगाची गायकी दिली. तिला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. अर्धवट गळ्याने ती पदे गायली की प्रेक्षक मनात मूळची ध्वनिमुद्रिका लावतो आणि समोरचा गायक बिचारा हरतो. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' मात्र तरुणांना हात देते. १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला किर्लोस्कर मंडळीने ते पहिल्यांदा केले. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी कोवळ्या शारदेचे लग्न ठरवणारा लोभी बाप कांचनभट, दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित, चिडलेला कोदंड, आणि शारदेच्या मैत्रिणींचा कलकलाट. पात्रांपैकी निम्मी तर नटांच्याच वयाची. चाली घरगुती, ओव्या-गीतांच्या वळणाच्या. पट्टी फार ताणावी लागत नाही. आणि विषय जुना झाला असे म्हणणाऱ्याने बालविवाह रोखल्याच्या बातम्या वाचाव्यात. त्या अजून छापून येतात.

दुसरा प्रश्न कात्रीचा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये मूळची पदे शंभराच्या घरात होती. पाच अंक, वर वन्समोर, आणि प्रयोग पहाटेपर्यंत. आज अडीच-तीन तासांत आटोपायचे, तर पदे वीस-पंचवीसवर आणावी लागतात. कापताना नवखे दिग्दर्शक हमखास एक चूक करतात: प्रसिद्ध पदे ठेवतात आणि अनोळखी गाळतात. मग नाटक उरत नाही, नाट्यगीतांचा कार्यक्रम उरतो. ज्या पदात पात्र काहीतरी ठरवते, लपवते किंवा कबूल करते ते ठेवावे. जे नुसते वर्णन करते ते, कितीही गाजलेले असले, तरी सोडावे. एकदा हे धोरण ठरले की नाटक वेगाने पळू लागते. किर्लोस्करांची रचना मुळात चपळच होती. तिच्यावर ताना-आलापांचे थर नंतर चढले.

तिसरा प्रश्न पट्टीचा, आणि हा सर्वांत चिवट. जुन्या कंपन्यांत सगळे पुरुष. नायक-नायिका जवळपास एकाच स्वरात गात आणि पेटीवाल्याचे काम सोपे होते. आता नायिका मुलगी करते. तिचा षड्ज काळी चार किंवा काळी पाच, मुलग्याचा काळी एकच्या आसपास. एकाच प्रवेशात दोघे पाठोपाठ गाणार असतील, तर ऑर्गनवाल्याने संवाद चालू असतानाच हळूच पट्टी बदलायची आणि नव्या स्वराचा भरणा असा द्यायचा, की नटाला तो बोलता बोलता कानात मिळावा. द्वंद्वपदात तर एकाला खर्जात उतरावे लागते किंवा दुसऱ्याला तारसप्तकात लोंबकळावे लागते. म्हणून कलाकार निवडतानाच दोघांच्या पट्ट्या जुळवून पाहाव्यात. चेहरा नंतर. शाळकरी मुलगे घ्यायचे असतील तर तेरा ते पंधरा या वयात सावध राहावे; तालमीला गोड असलेला गळा प्रयोगापर्यंत बदललेला असतो.

पायपेटी आता सहजी मिळत नाही आणि वाजवणारेही मोजके. बहुतेक संस्था सिंथेसायझर घेतात. त्यात कमीपणा मानायचे कारण नाही, कारण ऑर्गनही एके काळी नवाच होता; त्याच्या आधी सारंगी साथीला असे. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ बसत, हे लक्षात घेतले की साथीदाराचा मान किती होता ते कळते. तरुणांच्या संस्थेने दोनच साथीदार घ्यावेत, पण ते पहिल्या तालमीपासून. प्रयोगाच्या आदल्या दिवशी 'बोलावून आणलेला' तबलजी नटाच्या श्वासाला ओळखत नाही.

भाषेचाही एक पेच आहे. अकोल्यातली पोरे आपसात 'कायले', 'तुले', 'मले' बोलतात आणि शारदेला बोलायचे असते पुणेरी वळणाच्या मराठीत. काही जण ते इतके घासूनपुसून बोलतात की पात्र पाठांतराच्या स्पर्धेला उभे असल्यासारखे वाटते. यावर जुन्या रचनेतच उतारा आहे. नांदीनंतर सूत्रधार आणि नटी येतात; त्यांचा प्रवेश मुळातच गावाशी, समोरच्या प्रेक्षकांशी बोलण्यासाठी असतो. तिथे अस्सल वऱ्हाडी खुशाल येऊ द्यावी. प्रेक्षक एकदा हसून आपला झाला, की पुढची ग्रांथिक मराठी त्याला खटकत नाही.

आणि कागदपत्रे. संहितेला महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. लेखकाच्या हक्काचे गणित सोपे आहे: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. यांची नाटके कुणालाही करता येतात. विद्याधर गोखले (निधन १९९६) किंवा वसंत कानेटकर यांच्या नाटकांना मात्र वारसांची परवानगी हवी. 'कट्यार काळजात घुसली'चेही तेच.

'कट्यार'चे नाव निघाले की अकोल्याला थोडे थांबावेसे वाटणारच. खाँसाहेब आफताब हुसेन अजरामर करणारे वसंतराव देशपांडे १९२० मध्ये मूर्तिजापूर भागात जन्मले, म्हणजे याच जिल्ह्यातले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, तिथल्या 'रंजन कला मंदिर'चे. १९६७ मध्ये नाट्यसंपदेने ते रंगमंचावर आणले आणि संगीत होते जितेंद्र अभिषेकी यांचे. तरुणांना ते खुणावते, कारण त्यातला सदाशिव त्यांच्याच वयाचा, गुरूच्या दाराशी चोरून ऐकणारा. पण त्यातल्या खाँसाहेबांचे काय करायचे? तो गळा वीस वर्षांच्या मुलाकडे नसतो. त्यापेक्षा कोवळ्या गळ्यांसाठी लिहिलेली नाटके बरी.

तरुणांनी संगीत नाटक हाताळल्याची नंतरच्या काळातली उदाहरणेही आहेत. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले, ते बहुतांश तरुण हौशी नटांच्या बळावर. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, आणि पडद्याऐवजी माणसांची गात-डुलत राहणारी रांग. ज्या भरत नाट्य मंदिरात ते झाले त्या संस्थेची सुरुवातही १८९४ मध्ये विद्यार्थ्यांच्याच 'स्टुडंट्स सोशल क्लब'ने झाली होती. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी' आधी एकांकिका होते. २०१७ मध्ये त्याचे पूर्ण नाटक झाले, दोन बायकांचे, अभंगांचे. त्याला तरुण प्रेक्षक लोटले. म्हणजे गाणारे नाटक पोरांना नको असते हे खरे नाही. कंटाळवाणे नको असते.

अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे. राज्य नाट्य स्पर्धेची आणि बालनाट्याची हवा शहराला ओळखीची आहे, आणि गणेशोत्सवात घसा मोकळा करायला मंडळे आहेतच. पूर्वी गणेशोत्सवातल्या मेळ्यांतूनच पोरे नाटक कंपन्यांत जात.

मग नाटक कुठले? 'शारदा' सोपे आणि सुरक्षित. पण वऱ्हाडच्या पोरांनी एकदा 'रणदुंदुभी' उघडून पाहावे. वामनराव जोशी १९५६ मध्ये वारले, त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ते नाटक सर्वांचे आहे. वझेबुवांच्या चाली अवघड आहेत, हे आधीच मान्य करून टाकावे आणि पदे निम्म्यावर आणावीत. १९२७ मध्ये तेजस्विनीचे पद दीनानाथांच्या पट्टीत बांधले गेले. आज ती भूमिका मुलगी करणार, तेव्हा ते तिच्या काळी चारमध्ये उचलून नवे बसवावे लागेल. तान सुटली तर सुटू द्यावी, शब्द सुटू देऊ नयेत. निवडचाचणीला येणाऱ्यांना मात्र आधीच सांगावे, की पाठ केलेले नाट्यगीत आणू नका. दहा ओळींचा उतारा मोठ्याने वाचा आणि मधल्या एका ओळीपासून गायला लागा.